ओटागो सेंट्रल रेल ट्रेल: १५२ किलोमीटर, एकट्याने आणि पायी

सह्याद्रीत मुरलेला भटक्या या वाटेचा उंचीचा आलेख बघून हसतो. दीडशे किलोमीटरमध्ये सगळ्यात उंच जागा समुद्रसपाटीपासून ६१८ मीटर. चढ म्हणावा तर पन्नास मीटर चालल्यावर जेमतेम एक मीटर वर. वाफेच्या इंजिनाला झेपेल असाच रस्ता आखलेला, तो माणसाला काय दमवणार? तिसऱ्या दिवशी हाच भटक्या वाटेकडेला बूट काढून तळवे चोळत बसलेला असतो. डोंगरात पाऊल दर वेळी वेगळं पडतं, स्नायू आळीपाळीने राबतात. इथे मात्र एकच पाऊल, त्याच कोनात, त्याच टणक खडीवर, दिवसाला तीसेक हजार वेळा पडतं. या वाटेची सगळी तयारी ही एक गोष्ट धरूनच करायला हवी. चढाचा विचार डोक्यातून काढून टाका.

ही वाट न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, ओटागो प्रांताच्या आतल्या कोरड्या भागात आहे. सोन्याच्या शोधात वसलेल्या आणि पुढे मेंढपाळीवर जगलेल्या या मुलखाला डनीडन बंदराशी जोडायला १८७९ मध्ये रेल्वेचं काम सुरू झालं. रूळ मिडलमार्चला पोचले १८९१ मध्ये आणि क्लाइडला १९०७ मध्ये. शेवटच्या काळात या लोहमार्गावर क्लाइडच्या धरणाचं सामान वाहिलं गेलं. ते संपल्यावर १९९० मध्ये मिडलमार्चच्या पुढचा मार्ग बंद झाला. रूळ उचलले, खडी दाबून सपाट केली, पुलांवर लाकडी फळ्या आणि कठडे आले, आणि फेब्रुवारी २००० मध्ये क्लाइड ते मिडलमार्च ही वाट लोकांसाठी खुली झाली. देखभाल तिथल्या निसर्ग संवर्धन खात्याकडे आहे. चालायला पैसे पडत नाहीत, परवाना लागत नाही.

आपल्याकडे दूधसागरच्या रुळांवरून चालण्याचं वेड अजून पुरतं उतरलेलं नाही. तो चालू लोहमार्ग आहे आणि त्यावरून चालणं रेल्वे कायद्याने गुन्हा आहे. रेल्वेच्या वाटेने बोगदे आणि पूल पायाखाली घालायची हौस असेल, तर ती फेडायची रास्त जागा अशी बंद पडलेली वाट.

केव्हा जायचं

फेब्रुवारीचा मध्य ते एप्रिलची अखेर. जानेवारीत तिथल्या शाळांना सुट्टी असते, खोल्या मिळत नाहीत आणि ऊन तिशीपार जातं. या वाटेवर सावली जवळजवळ नाही, आणि न्यूझीलंडचं ऊन हवा गार असतानाही कातडी भाजतं. आपण काळेसावळे, आपल्याला काय होतंय, हा भ्रम पहिल्याच दिवशी फिटतो. रुंद काठाची टोपी, लांब बाह्यांचा पातळ सदरा आणि सनस्क्रीन लागतंच.

एप्रिलमध्ये पॉपलर आणि विलोची पानं पिवळी होतात, सकाळी हिव पडतं, दुपार सुखाची असते. एप्रिलच्या पहिल्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात आणि संध्याकाळ अचानक लवकर येते, हे लांबच्या टप्प्याच्या दिवशी लक्षात ठेवा. ईस्टरची सुट्टी टाळा. हिवाळ्याचा विचारच नको. वाटेवरच्या ओमाकाऊपासून दोनेक किलोमीटरवर ओफिर नावाचं गाव आहे, तिथे ३ जुलै १९९५ रोजी उणे २१.६ अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं होतं.

हवा दिवसात उलटते. दक्षिणेकडचा वारा आला की तासाभरात दहा-बारा अंशांनी गारठा वाढू शकतो. म्हणून उन्हाळ्यातही वाराबंद जाकीट, लोकरी टोपी आणि पातळ हातमोजे पाठीवरच्या पिशवीतच हवेत. मोठ्या बॅगेत ठेवले तर उपयोग नाही, कारण ती तुमच्याबरोबर नसते. त्याबद्दल पुढे.

कागदपत्रं आणि विमानतळ

भारतीय पासपोर्टवर आधी ऑनलाइन व्हिसा काढावा लागतो. त्यासोबत पर्यटकांचा वेगळा कर आहे, तो ऑक्टोबर २०२४ पासून १०० न्यूझीलंड डॉलर झाला. विमान ऑस्ट्रेलियामार्गे घेतलंत तर तिथला ट्रान्झिट व्हिसाही लागतो. तिकीट स्वस्त दिसलं म्हणून हुरळून जाण्याआधी हे बघा. सिंगापूरमार्गे जाणं मला सुटसुटीत वाटतं.

खरी परीक्षा विमानतळावरच्या जैवसुरक्षा तपासणीची असते. आपले बूट राजगड-तोरण्याची लाल माती घेऊनच प्रवास करतात. घरीच जुन्या टूथब्रशने तळव्याच्या खाचा घासून स्वच्छ करा, वाळवा, आणि तरीही अर्जावर 'वापरलेले बूट आहेत' असं लिहा. खाण्याच्या प्रत्येक वस्तूचंही तसंच. लिहिलेली वस्तू फार तर काढून घेतील, पण न लिहिलेली सापडली तर जागेवर ४०० डॉलर दंड. मध, पेढे-बर्फी, तूप, अख्खी धणे-मोहरी घरीच ठेवा. क्वीन्सटाउन आणि डनीडनच्या सुपरमार्केटांत डाळ, तांदूळ, मसाले मिळतात, त्यासाठी आईच्या डब्याची जोखीम घेऊ नका.

विमा काढाच. अपघाताने झालेल्या दुखापतीच्या उपचारांत तिथली सरकारी भरपाई योजना परदेशी पाहुण्यांनाही मदत करते, पण आजारपण, रद्द झालेलं विमान, परतीचा खर्च हे तिच्यात येत नाही.

कोणत्या टोकाकडून

क्लाइडकडून. क्वीन्सटाउनला उतरून बसने किंवा शटलने सव्वा-दीड तासात क्लाइड गाठता येतं. वारा बहुतेक वेळा पश्चिम-वायव्येचा असतो, तो बाजूने किंवा पाठीमागून मिळतो. शिवाय पुलाबोगद्यांचा सगळ्यात देखणा भाग, पूलबर्नची घळ, तिसऱ्या दिवशी येते. तेव्हा पाय सरावलेले असतात आणि अजून कंटाळलेले नसतात. मिडलमार्चकडून निघालात तर पहिलाच दिवस लांब, सरळ आणि उघडा. नवख्या पायांना तो जड जातो.

सामान: स्वतः उचलायचं की पाठवायचं

वाटेवर तंबू ठोकायला परवानगी नाही. मुक्काम गावातल्या पबच्या वरच्या खोलीत, बॅकपॅकर्स वसतिगृहात, शेतघरात किंवा गावच्या कॅम्पिंगच्या जागेत करायचा. त्यामुळे स्लीपिंग बॅग, स्टोव्ह, तंबू असा पसारा बहुतेकांना लागतच नाही. जे उरतं ते रोज पुढच्या मुक्कामी पोचवणाऱ्या स्थानिक कंपन्या आहेत. सकाळी बॅग दारात ठेवायची, संध्याकाळी ती पुढच्या गावात हजर. वारीत दिंडीचा ट्रक पुढे जातो आणि वारकरी खांद्यावर पताका नि पडशी घेऊन चालतो, तसंच हे. कुणाला हे कमीपणाचं वाटतं. मला वाटत नाही. सपाट वाटेवर पाठीवरचं जास्तीचं वजन थेट तळव्यांत उतरतं.

पाठीवर चार-पाच किलोंपेक्षा जास्त नको: अडीच ते तीन लिटर पाणी, दिवसाचं खाणं, वारा-पावसाचे कपडे, विजेरी, पायांच्या मलमपट्टीची पेटी, मोबाइल आणि पॉवर बँक, कागदी नकाशा. विजेरी बोगद्यांसाठी. मोबाइलचा उजेड पुरेल असं वाटतं, पण आत भिंती तो उजेड गिळतात.

पाण्याबद्दल कडक राहा. कडेला ओढे दिसतात, पण ते मेंढ्या आणि गुरांच्या कुरणांतून येतात. गावातल्या नळावरच बाटल्या भरायच्या आणि पुढचं गाव किती किलोमीटरवर आहे ते बघून भरायच्या.

बूट आणि पाय

इथे मी जास्त जागा घेतो, कारण चालणारे वाट सोडतात ते पायांमुळेच.

घोट्यापर्यंत उंच, कडक ट्रेकिंग बूट घरी ठेवा. घोट्याला आधार लागेल अशी जमीनच इथे नाही, आणि कडक तळवा टणक खडीवर पावलाला वाकू देत नाही. जाड उशीचे ट्रेल रनिंग शूज घ्या, नेहमीपेक्षा अर्धा नंबर मोठे, कारण दुपारपर्यंत पाय सुजतात. निघण्याआधी त्यांतून शंभर-दीडशे किलोमीटर चाललेलं असावं. खडी बारीक आहे, खडे सतत आत शिरतात. कापडी, आखूड गेटर्स, म्हणजे बुटांची तोंडं झाकणाऱ्या पट्ट्या, लावले की निम्मा वैताग संपतो. मोजे लोकरीचे, आणि दुपारच्या विश्रांतीत बदलायला एक कोरडा जोड.

फोड येण्याआधी तिथे गरम लागतं, चुरचुरतं. तो क्षण आला की तिथेच थांबायचं, पुढच्या पुलापर्यंत ढकलायचं नाही. मोजा काढा, पाय कोरडा करा, चिकटपट्टी लावा. दर तासाला पाच मिनिटं बूट काढून पाय उंच ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा, पाय दुखत नसले तरी.

नडगीच्या पुढच्या बाजूला दुखायला लागलं तर वेग कमी करा आणि पावलं आखूड टाका. वाट मधोमध किंचित फुगीर आहे. तासन् तास एकाच बाजूला चाललं की एक गुडघा जास्त सोसतो. समोर-मागे कुणी नसेल तेव्हा अधूनमधून मधून चाला. दोन काठ्या घेतल्या तर खांदे काम वाटून घेतात, आणि काठीची लय मनालाही लागते.

तयारीसाठी दर रविवारी सिंहगड चढून उपयोग थोडाच. त्याने दम वाढतो, तळवे तयार होत नाहीत. कालव्याकाठचा किंवा शेतांमधला सपाट कच्चा रस्ता शोधा. निघण्याआधीच्या दोन महिन्यांत शनिवारी २० आणि लगेच रविवारी २० किलोमीटर, पिशवी पाठीवर घेऊन, असं चार-पाच वेळा करा. दुसऱ्या दिवशीची सकाळच खरं सांगते. ज्यांनी आळंदी ते पंढरपूर वारी केली आहे, त्यांना यातलं काही सांगायला नको.

टप्पे

सायकलवाले ही वाट तीन ते पाच दिवसांत करतात, आणि इथली बहुतेक व्यवस्था त्यांच्या हिशोबाने बसवलेली आहे. चालणाऱ्याने सात दिवस धरावेत. अंतरं सुमारे आहेत.

पहिला दिवस, क्लाइड ते चॅटो क्रीक, २५ किलोमीटर. अलेक्झांड्रापर्यंतचे पहिले आठ किलोमीटर रेल्वेची वाट सरळसोट आणि नीरस आहे. त्याऐवजी क्लुथा नदीच्या काठाने विलोंच्या सावलीतली पायवाट आहे. ती थोडी लांब पडते, पण चालणाऱ्याने तीच घ्यावी. अलेक्झांड्रात मोठं सुपरमार्केट आहे. पुढच्या दोन दिवसांचं खाणं इथेच घ्या. गावाबाहेर टेकड्यांवर रानटी थाइम माजलेलं आहे, उन्हात त्याचा वास ओव्यासारखा नाकात बसतो. अंतर जास्त वाटलं तर संध्याकाळी अलेक्झांड्रापर्यंतच चाला आणि एक दिवस वाढवा. चॅटो क्रीकला पब आहे आणि एक खेळण्याएवढं जुनं पोस्ट ऑफिस.

दुसरा दिवस, चॅटो क्रीक ते लॉडर, १९ किलोमीटर. निघाल्यावर लगेच टायगर हिल. नावाला घाबरू नका. रेल्वेला डोंगर सरळ चढवेना म्हणून वाट मोठे वळसे घेत वर जाते, इतकंच. अंतर मुद्दाम कमी ठेवलं आहे, कारण ओमाकाऊहून ओफिरला वाकडी वाट करायची आहे. तिथलं १८८६ चं दगडी पोस्ट ऑफिस आणि मॅनुहेरिकिया नदीवरचा १८८० चा झुलता पूल, दोन्ही आजही उभे आहेत.

तिसरा दिवस, लॉडर ते ओटुरेहुआ, २३ किलोमीटर. यासाठीच एवढ्या लांब यायचं. मॅनुहेरिकिया ओलांडली की वाट पूलबर्नच्या घळीत शिरते. दोन बोगदे, प्रत्येकी दोनशे मीटरच्या आगेमागे, कुदळ-पहारींनी फोडलेले, आत वळण असल्याने मध्यावर काळोख. मग पूलबर्नचा पूल: दगडी खांबांवर उभा, तळापासून ३७ मीटर उंच. खांबांचा दगड तिथलाच, शिस्ट. आपल्या घाटांतल्या बसाल्टपेक्षा अगदी वेगळा, पापुद्र्यांचा, उन्हात अभ्रकासारखा चमकणारा. बोगद्यात शिरण्याआधी थांबून कान द्या. समोरून सायकलींचा घोळका येत असेल तर त्यांना बाहेर पडू द्या. घळीत फोनला रेंज नसते, म्हणून लॉडर सोडण्याआधी घरी निरोप पाठवा. घळ संपली की आयडा खोऱ्याची लांब सरळ रेघ सुरू होते आणि तिथे मन पहिल्यांदा कुरकुरतं.

ओटुरेहुआला हेज कुटुंबाचा जुना कारखाना आहे, १८९५ मध्ये सुरू झालेला. कुंपणाची तार ताणायच्या यंत्रासाठी तो प्रसिद्ध झाला. कारखान्यात बनलेली अवजारं विकायला घरच्या हॅना हेज सायकलवरून या मुलखात हिंडल्या. कारखाना ठरावीक महिन्यांत आणि वारांनाच उघडतो, आधी चौकशी करा. शेजारच्या गिलक्रिस्टच्या जुन्या किराणा दुकानात लाकडी मांडण्यांवर अजून माल मिळतो.

चौथा दिवस, ओटुरेहुआ ते रॅनफर्ली, २५ किलोमीटर. याच दिवशी ४५ अंश दक्षिण अक्षवृत्त आणि ६१८ मीटरचा माथा लागतो. पाटी नसती तर माथा कळलाही नसता. वेडरबर्नला हिरवी मालशेड आणि पुढे मॅनिओटोटोचं पठार, चहूबाजूंनी क्षितिजापर्यंत गवत. इथे वाऱ्याला आडोसा नाही. वाटेवर जुन्या गँगमनच्या खोल्यांसारख्या लहान शेड आहेत, माहितीफलक असलेल्या. वारा सुटला की जेवण त्यांच्यातच उरकावं. रॅनफर्ली हे या भागातलं बाजाराचं गाव, स्टेशनच्या जुन्या इमारतीत माहिती केंद्र. किराणा पुन्हा भरा, पुढे मिडलमार्चपर्यंत धड दुकान नाही. पाय बोंबलत असतील तर विश्रांतीचा दिवस घ्यायची जागाही हीच.

पाचवा दिवस, कोकोंगापर्यंत १८. सहावा, हाइडपर्यंत १५. मध्ये वायपियाटाला पब आहे. त्यापुढे टायरी नदी सोबतीला येते, डेझीबँकला नदीकाठी बसायची सुरेख जागा आहे. हाइडच्या अलीकडे प्राइसेस क्रीकचा १५२ मीटरचा बोगदा आणि त्याला लागून पूल. दोन छोटे दिवस आळसाचे वाटतात, पण सातव्यासाठी पाय राखायचे असतात.

सातवा दिवस, हाइड ते मिडलमार्च, २७ किलोमीटर. हाइडजवळच्या खोदखिंडीत ४ जून १९४३ रोजी प्रवासी गाडी वळणावर रुळांवरून उतरली आणि २१ माणसं गेली. हमरस्त्यालगत त्यांचं स्मारक आहे. त्यानंतर उजव्या हाताला रॉक अँड पिलर डोंगररांग धरून वाट जवळजवळ सरळ जाते. पुढचं झाड तासभर तेवढ्याच अंतरावर दिसतं. उजाडताच निघा, पाणी पूर्ण तीन लिटर घ्या. हा टप्पा नकोसा वाटला तर मधल्या रॉक अँड पिलरच्या थांब्यावरून गाडी आधी ठरवून ठेवता येते.

एकट्याने

रोज संध्याकाळी पुढच्या मुक्कामाच्या यजमानांना फोन करून किती वाजता पोचणार ते सांगा. बॅग आली आणि माणूस आला नाही, हे त्यांच्या लगेच ध्यानात येतं. या वाटेवरची ही सगळ्यात खात्रीची सुरक्षा आहे. घरच्या एका माणसाकडे टप्पे आणि मुक्कामांचे नंबर लिहून ठेवा. आणीबाणीचा नंबर १११. रेंजवर विसंबायचं नसेल तर पीएलबी, म्हणजे उपग्रहाला संदेश पाठवणारं छोटं यंत्र, तिथे भाड्याने मिळतं.

डावीकडून चाला. सायकली मागून येतात, घंटी वाजवतात, पण वाऱ्यात ऐकू येत नाही. दोन्ही कानांत इयरफोन नकोत. फाटकं जशी असतील तशीच सोडा: बंद होतं तर बंद, उघडं होतं तर उघडं. मेंढ्यांचा कळप वाट ओलांडत असेल तर उभं राहा, मेंढपाळ हात करेल तेव्हा निघा.

जेवणाचं शाकाहाऱ्यांनी आधी कळवावं. पबमध्ये काही ना काही मिळतं, पण सात रात्री बटाट्याचे चिप्स आणि चीज टोस्ट खाववत नाहीत. स्वयंपाकघर असलेले मुक्काम निवडले तर मूगडाळ-तांदळाची खिचडी अर्ध्या तासात होते. खेड्यांतली स्वयंपाकघरं रात्री लवकर बंद होतात. रमत-गमत साडेआठला पोचलात तर उपाशी झोपाल.

आणि कंटाळा. तो येणारच, साधारण चौथ्या दिवशी, पठारावर. लोक पॉडकास्टचा साठा घेऊन जातात. मला त्यापेक्षा एका स्टेशनापासून पुढच्या स्टेशनापर्यंतचाच विचार करणं मानवतं. वाटेत शिक्के मारून घ्यायची एक छोटी पासपोर्टवजा वही विकत मिळते. पोरखेळ आहे, पण सहाव्या दिवशी तो शिक्का पाय उचलायला लावतो.

मिडलमार्चनंतर

इथून डनीडन ऐंशी किलोमीटरवर आहे. नियमित बस असेलच असं धरू नका, शटल क्लाइड सोडण्याआधीच पक्की करा. डनीडनहून टायरी नदीच्या घळीतून येणारी पर्यटक रेल्वे इथवर येतेच असं नाही. तिच्या भरवशावर बेत आखायचा असेल तर आधी तिची तारीख घ्या आणि मग उलट मोजत क्लाइडहून निघायचा दिवस ठरवा. परतीचं विमान त्याच दिवशीचं घेऊ नका. एक रात्र मिडलमार्चला किंवा डनीडनला काढा, बादलीभर गार पाण्यात पाय सोडून बसा, आणि बूट पुन्हा घासून ठेवा.